तीस बाय अठ्ठेचाळीसची जागा

‘स्कूटर’ म्हटलं की आपल्याला आकुर्डीची बजाज आठवते. पुढे उभा मुलगा, मागे बायको, तिच्या मांडीवर धाकटी आणि हुकाला अडकवलेली भाजीची पिशवी. या लेखातली स्कूटर ती नव्हे. हिला किक नाही, गिअर नाहीत, नंबरप्लेटही नाही. तीन किंवा चार लहान चाकं, पाय ठेवायला सपाट तळ, मागे गोल फिरणारी खुर्ची आणि पुढे सायकलसारखं हँडल. बॅटरीवर चालते आणि ताशी सहा ते आठ किलोमीटरच्या वर सहसा जात नाही. माणसं जिथे पायी चालतात, तिथेच ही चालवायची. परदेशात हिला ‘मोबिलिटी स्कूटर’ म्हणतात. आपल्याकडे हिला अजून नाव मिळालेलं नाही. नाव नसण्याचं कारण उघड आहे : ती चालवता येईल अशा जागा आपल्याकडे फार थोड्या आहेत.

अशी स्कूटर कोणासाठी असते, असं विचारलं तर बहुतेक लोक म्हणतील, ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी. खरं उत्तर थोडं वेगळं आहे. ज्यांना चालता येतं, पण थोडंच, त्यांच्यासाठी ती असते. या ‘थोडंच’मध्ये संधिवात, हृदयविकार, दम्यासारखे फुप्फुसाचे आजार, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि नुसतं म्हातारपण, हे सगळं येतं. मीही त्यातच येते.

पावलांचं बचत खातं

मला दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला. डाव्या पायाला कॅलिपर आणि हातात काठी, एवढ्या भांडवलावर शाळा, कॉलेज आणि बँकेतली चौतीस वर्षांची नोकरी झाली. साठीच्या आसपास मात्र चांगला असलेला उजवा पायही संध्याकाळपर्यंत जड होऊ लागला. पोलिओ होऊन गेलेल्या अनेकांना कित्येक दशकांनी असा नवा अशक्तपणा येतो. त्याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. विषाणू परत आलेला नसतो. लहानपणी ज्या मज्जापेशी वाचल्या, त्यांनी मेलेल्या पेशींचं काम इतकी वर्षं अंगावर घेतलेलं असतं. त्या आता थकतात. व्यायामाचा अतिरेक केला तर त्या सुधारण्याऐवजी जास्तच खचतात. माझ्या डॉक्टरांनी बँकवालीला समजेल अशा भाषेत सांगितलं, “पावलं खात्यात ठेवल्यासारखी वापरा. व्याज खर्च करा, मुद्दलाला हात लावू नका.”

त्यानंतर दोन वर्षांनी मुलीने आम्हा दोघांना अमेरिकेत बोलावलं. नातवाला ऑर्लँडोचं डिस्ने वर्ल्ड बघायचं होतं. मुलगी म्हणाली, “आई, आपण तुझ्यासाठी स्कूटर भाड्याने घेऊ.” मी म्हटलं, मला चालता येतं. ती म्हणाली, “चालता येतं गं, पण किती?” त्या ‘किती’चं उत्तर मला तिथल्या चार दिवसांत मिळालं. परत आल्यावर मी तिथले आणि इथले नियम मिळवून वाचले, आणि आमच्या शहरातल्या बसगाड्यांच्या दारांना मापाची टेपही लावली. त्यातून जे समजलं ते थोडक्यात असं : स्कूटर हे अर्धंच वाहन आहे. उरलेलं अर्धं जमिनीत, दारात, बसच्या तळात आणि कायद्यात बांधलेलं असावं लागतं. या दोन अर्ध्यांचा सांधा जिथे निखळतो, तिथे स्कूटर कितीही महागाची असली तरी माणूस घरीच बसतो.

यंत्र : बसण्यासाठी आणि उठण्यासाठी

१९३३ च्या सुमारास हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज या दोन अमेरिकी अभियंत्यांनी मोटारीत घडी करून ठेवता येईल अशी पोलादी व्हीलचेअर बनवली. आज रुग्णालयात दिसणारी चाकांची खुर्ची तिचीच वारसदार. तिच्या रचनेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की बसणारा दिवसभर तिच्यातच राहील. १९६८ साली मिशिगन राज्यातल्या ब्रिजपोर्ट गावी अ‍ॅलन थीम नावाच्या प्लंबिंगचं काम करणाऱ्या गृहस्थांनी, घरात कोणाला मल्टिपल स्क्लेरोसिस झाला म्हणून, आपल्या गॅरेजमध्ये एक तीनचाकी यंत्र तयार केलं. त्याला त्यांनी ‘अमिगो’ म्हणजे स्पॅनिश भाषेतला ‘मित्र’ असं नाव दिलं. आजच्या मोबिलिटी स्कूटरची सुरुवात तिथे झाली. तिच्या रचनेत गृहीत आहे ते हे, की बसणारा मधून मधून उठेल. म्हणून खुर्ची बाजूला वळते, समोर पायांचा अडथळा नसतो आणि हँडल धरून उभं राहता येतं. दुकानापर्यंत स्कूटर, दुकानात चार पावलं काठीवर, पुन्हा स्कूटर.

चालवायला ती अगदी सोपी. उजव्या अंगठ्याने पट्टी दाबली की पुढे, डाव्याने दाबली की मागे. वेगाच्या गोल बटणावर एका टोकाला कासव आणि दुसऱ्या टोकाला ससा काढलेला असतो. गर्दीत काटा कासवावरच ठेवायचा. अंगठा उचलला की गाडी थांबते, आणि हे थांबणं समजून घेण्यासारखं आहे. हिचा ब्रेक विजेने लागत नाही, विजेने सुटतो. स्प्रिंगने तो कायम आवळलेलाच असतो. मोटारीला वीज मिळाली की मोकळा होतो. त्यामुळे उतारावर बॅटरी संपली तरी गाडी घरंगळत जात नाही. मागे एक छोटा दांडा असतो, तो फिरवला की मोटार सुटी होऊन गाडी हाताने ढकलता येते. पण त्याच क्षणी ब्रेकही सुटतो. म्हणून कोणी बसलेलं असताना त्या दांड्याला हात लावायचा नसतो. घरातल्या हौशी मंडळींना हे आधी सांगून ठेवावं.

तीनचाकी कमी जागेत वळते, पण वळणावर वेग असेल तर कलंडू शकते. चारचाकी जास्त स्थिर, पण वळायला जागा जास्त खाते. दोन्हींपैकी एकही जागच्या जागी फिरत नाही. विजेवरची चांगली व्हीलचेअर स्वतःभोवती गिरकी घेते. स्कूटरला मात्र अरुंद गल्लीत अडकलेल्या टेम्पोसारखं पुढे-मागे करत वळावं लागतं. हा फरक आत्ता किरकोळ वाटेल. बसमध्ये शिरताना तोच सगळ्यात मोठा ठरतो.

बॅटरीचा हिशेबही सोपा आहे. लहान प्रवासी स्कूटरमध्ये १२ व्होल्ट, १२ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या असतील तर २४ गुणिले १२, म्हणजे २८८ वॅट-तास. हा आकडा विमानप्रवासात विचारला जातो. घडीच्या स्कूटरची लिथियम बॅटरी काढून केबिनमध्ये न्यायची असेल तर एका बॅटरीला ३०० वॅट-तासांची मर्यादा आहे. स्वतःची स्कूटर परदेशी नेणाऱ्याने बॅटरीवर छापलेला हा आकडा तिकीट काढण्यापूर्वी वाचावा.

पार्कच्या आत

डिस्ने वर्ल्ड १९७१ साली सुरू झालं. आज तिथे चार मोठी पार्कं आहेत आणि सगळा परिसर सुमारे १०० चौरस किलोमीटरचा आहे. त्यातल्या एपकॉट नावाच्या पार्कात एका तळ्याभोवती निरनिराळ्या देशांची दालनं आहेत. तळ्याची नुसती प्रदक्षिणाच जवळपास दोन किलोमीटरची. घरापासून वाण्याच्या दुकानापर्यंत आरामात जाणाऱ्या आजोबांनाही ऑक्टोबरच्या उन्हात हे झेपत नाही. त्यामुळे तिथे स्कूटरवर बसलेली बरीच माणसं एरवी स्कूटर न वापरणारी असतात. त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही, हे आजूबाजूला पाहिल्यावर मला पटलं.

स्कूटर दोन प्रकारे मिळते. पार्कच्या दाराशी दिवसाच्या भाड्याने, किंवा बाहेरच्या कंपनीकडून थेट हॉटेलवर. दाराशी मिळणारी पार्कच्या बाहेर नेता येत नाही. म्हणजे हॉटेलच्या खोलीपासून बसथांब्यापर्यंत आणि थांब्यापासून पार्कच्या दारापर्यंतचं चालणं आपलं आपण करायचं. पावलांचं खातं आधीच तळाला गेलेल्या माणसाने हॉटेलवर येणारी स्कूटर घ्यावी, म्हणजे ती बसमध्येही सोबत येते. पार्कातली स्कूटर चालवायला वयाची अठरा वर्षं पूर्ण असावी लागतात, आणि एका वेळी एकच माणूस बसू शकतो. नातवाने मांडीवर बसण्याचा हट्ट केला, तो त्या नियमाच्या आधाराने मोडता आला.

मोठा गैरसमज रांगेविषयी आहे. स्कूटर असली की पुढे सोडतात, असं आपले लोक एकमेकांना सांगतात. एके काळी जुन्या खेळांच्या रांगा जिन्यांच्या आणि अरुंद असल्यामुळे चाकांवर आलेल्यांना बाजूच्या दाराने आत घेत. २०१३ साली न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत बातम्या आल्या, की काही धनिक कुटुंबं अपंग व्यक्तीला पैसे देऊन ‘वाटाड्या’ म्हणून बरोबर नेतात आणि रांग टाळतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्नेने ती जुनी पद्धत बंद करून नवी आणली. ज्यांना रांगेत उभं राहणं शक्य नाही, त्यांना रांगेइतक्याच वेळानंतरची परतीची वेळ मिळते. पुढे त्याचेही निकष कडक झाले. नव्या बांधणीच्या रांगा आता इतक्या रुंद आणि सपाट असतात, की स्कूटर इतरांबरोबरच सरकते. मला हे न्याय्य वाटलं. मला रांगेतून सुटका नको होती. रांगेत उभं राहण्याची ताकद हवी होती, आणि ती बसायला मिळाल्याने आली.

खेळाच्या तोंडाशी पोचल्यावर तीन प्रकार दिसतात. काही ठिकाणी स्कूटरवरूनच आत जाता येतं. काही ठिकाणी स्कूटर सोडून साध्या व्हीलचेअरमध्ये बसावं लागतं. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’च्या खास होडीत किंवा ‘किलिमांजारो सफारी’च्या ट्रकमध्ये व्हीलचेअर चढते, पण स्कूटर नाही. आणि काही ठिकाणी स्वतःच्या पायांनी, किंवा सोबतच्यांच्या मदतीने, खेळाच्या आसनावर बसावंच लागतं. खेळ मध्येच बंद पडला तर माणसांना बाहेर कसं काढायचं, या हिशेबाने हे वर्ग ठरतात. नकाशावर प्रत्येक खेळापुढे याची खूण असते. रात्री हॉटेलवर बसून त्या खुणांवरून दुसऱ्या दिवशीच्या माझ्या पावलांचं अंदाजपत्रक मी मांडत असे.

बसच्या दारात

पार्कमध्ये ३६ इंच रुंद आणि ५२ इंच लांब स्कूटरपर्यंत मुभा आहे. बसचं माप त्याहून लहान. अमेरिकेच्या वाहतूक नियमांत चाकांवरच्या प्रवाशासाठी राखायची जागा आहे ३० इंच बाय ४८ इंच, म्हणजे सुमारे ७६ बाय १२२ सेंटिमीटर. २२ फुटांपेक्षा लांब बसमध्ये अशा किमान दोन जागा हव्यात, आणि लिफ्टने किमान ६०० पौंड, म्हणजे सुमारे २७२ किलो, उचललं पाहिजे. म्हणजे पार्कात ऐटीत फिरणारी मोठी, दणकट स्कूटर संध्याकाळी बसच्या दारात अडू शकते. भाड्याने घेताना म्हणूनच पार्कचं नव्हे, बसचं माप धरायचं.

बस थांब्याला लागली की चालक आधी ती दाराच्या बाजूने खाली झुकवतो. मग दारातली फळी उलगडून फूटपाथवर टेकते. हा रॅम्प. आता शाळेतलं गणित. इमारतीच्या रॅम्पला १:१२ चा चढ सांगतात, म्हणजे बारा फूट लांबीला एक फूट उंची. बसला एवढी जागा कुठली? म्हणून तिथे १:४ पर्यंत चढ चालतो. तो जवळजवळ १४ अंशांचा होतो, आणि साध्या प्रवासी स्कूटरच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेली मर्यादा बहुतेकदा याहून कमी असते. अंतर तीन फुटांचंच असल्याने गाडी चढते. पण सरळ चढायचं, तिरकं नाही. अंग पुढे झुकवायचं आणि मध्येच थांबायचं नाही.

आत गेल्यावर खरी परीक्षा. चार फुटी स्कूटर अरुंद बोळात वळवून राखीव जागेत उलटी लावायची, आणि तीही बसभर माणसं बघत असताना. म्हणूनच चाकांवरच्यांना आधी चढवतात. आसनं दुमडायची, स्कूटर फिरवायची, पट्टे बांधायचे, हे बस भरल्यावर जमणारच नाही. अर्धा तास रांगेत उभ्या असलेल्या बापाला, कडेवर झोपलेलं मूल सांभाळताना, नंतर आलेली आजी आधी चढते हे खटकणारच. मी त्या नजरा पाहिल्या आहेत. त्याला हे कारण कोणी सांगितलेलं नसतं.

मग चालक चार पट्ट्यांनी गाडी जमिनीतल्या हुकांना बांधतो. इथे स्कूटरची अडचण वेगळी. काही व्हीलचेअरच्या सांगाड्याला बसमध्ये बांधण्यासाठी मुद्दाम कड्या दिलेल्या असतात. स्कूटरला वरून प्लॅस्टिकचं कवच, आणि खुर्ची एकाच खांबावर उभी. पट्टा कशाला लावायचा हाच प्रश्न. जोरात ब्रेक लागला तर उंच बसलेला माणूस कलंडू शकतो. म्हणून चालक सुचवतो, की आपण उठून बसच्या आसनावर बसा. नियम इथे फार बारकाईने लिहिला आहे. चालकाने सुचवावं, पण सक्ती करू नये. स्कूटर नीट बांधता येत नाही या कारणाने प्रवासीच नाकारता येत नाही. आणि पट्टे, रॅम्प, लिफ्ट यांच्यासाठी चालकाने मदत केलीच पाहिजे. मी दर वेळी आसनावर बसले, कारण मला ते जमत होतं. ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी ‘सक्ती नाही’ हे दोन शब्द आहेत.

हाच नियम हॉटेलच्या शटलला, गाड्या भाड्याने देणाऱ्यांच्या शटलला आणि थीम पार्कच्या बसला लागू आहे. त्यात त्यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. तरी कागद आणि रस्ता यांत अंतर राहतंच. आम्ही उतरलो होतो त्या हॉटेलला मुलीने आरक्षण करतानाच विचारलं होतं, की शटलमध्ये स्कूटर चढेल ना? उत्तर ‘हो’ होतं. पहिल्याच सकाळी व्हॅन आली, तिला लिफ्टही होती, फक्त ती चालत नव्हती. पर्यायी गाडी येईपर्यंत पन्नास मिनिटं गेली. लिफ्ट चालू स्थितीत ठेवणं हेही नियमातच आहे. त्या दिवसापासून आम्ही रोज रात्री स्वागतकक्षात जाऊन विचारायचो, “आज लिफ्ट खाली-वर करून पाहिली का?”

दुसऱ्या देशात गेलो तर माप बदलतं, हेही लक्षात ठेवावं. ब्रिटनमधल्या बसला ७०० बाय १२०० मिलिमीटरच्या व्हीलचेअरसाठी जागा बंधनकारक आहे; पण स्कूटर घेणं तिथे बहुतांशी बसकंपनीच्या मर्जीवर आहे. कंपन्यांच्या आपसातल्या संहितेनुसार ६०० बाय १००० मिलिमीटरपर्यंतच्या लहान स्कूटरच चालतात. ऑर्लँडोत बसमध्ये चढलेली स्कूटर लंडनमध्ये थांब्यावरच राहू शकते.

हा नियम आला कुठून?

हे सगळं पाहून मला आधी वाटलं, श्रीमंत देश, त्यांना परवडतं. वाचायला लागल्यावर ते चित्र बदललं. १९७३ साली अमेरिकेत सरकारी पैशांवर चालणाऱ्या कामांत अपंगांशी भेदभाव नको, असं कलम झालं. पण अंमलबजावणीचे नियम चार वर्षं निघालेच नाहीत. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत शंभरावर अपंग कार्यकर्ते शिरले आणि सुमारे चार आठवडे तिथून हलले नाहीत. त्यांच्या नेत्या ज्युडिथ ह्युमन. त्यांना लहानपणी पोलिओ झाला होता, आणि व्हीलचेअरमुळे आगीचा धोका होईल असं म्हणून त्यांना शाळेत प्रवेश नाकारला गेला होता. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले.

पुढची लढाई थेट बसची. ५ जुलै १९७८ रोजी डेन्व्हर शहरात कोलफॅक्स आणि ब्रॉडवे या रस्त्यांच्या चौकात एकोणीस अपंगांनी दोन बसगाड्या घेरल्या आणि रात्रभर रस्ता सोडला नाही. मागणी एकच : शहराने घेतलेल्या नव्या बसना लिफ्ट बसवा. त्यातूनच पुढे ‘अडॅप्ट’ ही संघटना उभी राहिली. तिच्या मूळ नावातच सार्वजनिक वाहतूक हा शब्द होता. १२ मार्च १९९० ला वॉशिंग्टनमध्ये अनेकांनी आपल्या व्हीलचेअर आणि कुबड्या खाली ठेवल्या आणि संसदभवनाच्या पायऱ्या सरपटत चढले. २६ जुलै १९९० ला अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. नातवाबरोबर बसमध्ये चढताना माझ्या चाकांखाली उलगडलेल्या फळीमागे हा इतिहास आहे.

आपल्या थांब्यावर

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १९९५ चा कायदा होता, त्या जागी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. त्याच्या ४१ व्या कलमात बसथांबे, स्थानकं आणि वाहनं सुगम करण्याचं बंधन आहे. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सुगमतेची किमान मानकं ऐच्छिक असू शकत नाहीत, ती सक्तीचीच हवीत. शहरी बससाठी केंद्राने ठरवलेल्या वर्गवारीत जमिनीपासून तळाची उंची ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर अशी तीन प्रकारची आहे. हे तीन आकडे साधे दिसतात, पण स्कूटर चढणार की नाही ते त्यांवरच ठरतं.

हिशेब करून पाहू. ४० सेंटिमीटर तळाची बस ७ सेंटिमीटर झुकली आणि फूटपाथ १५ सेंटिमीटर उंच असला, तर चढायचे राहतात १८. रॅम्प ९० सेंटिमीटरचा असेल तर चढ १:५. जमेल. तीच बस थांब्यापासून दूर, रस्त्याच्या मध्ये उभी राहिली तर चढायचे ३३, म्हणजे जवळपास १:३. मागे उलटण्याचा धोका. आणि ६५ सेंटिमीटर तळाची बस न झुकता फूटपाथला लागली तरी ५० सेंटिमीटर चढावं लागतं. १:४ साठी दोन मीटर लांब फळी हवी. ती फूटपाथवर मावणार कुठे? म्हणजे कमी उंचीची बस विकत घेतली की काम झालं, असं होत नाही. चालकाने ती फूटपाथला चिकटवून लावणं, थांब्यापुढे रिक्षा उभ्या नसणं आणि फूटपाथवर चढायला स्वतःचा उतार असणं, ही सगळी एकाच वाहनाची अंगं आहेत.

आपल्याकडे शटल बस नवी नाही. अजिंठ्याला जाणाऱ्या पर्यटकाला फर्दापूरच्या तिठ्यावर आपली गाडी सोडून लेण्यांपर्यंतचे सुमारे चार किलोमीटर शटलनेच जावं लागतं. लेण्यांच्या पायऱ्यांचा प्रश्न वेगळा आणि अवघड आहे. दगड हलवता येत नाही. पण शटल ही आपण विकत घेतलेली वस्तू आहे. निविदेत तळाची उंची, रॅम्पची लांबी आणि ३० बाय ४८ इंचांची मोकळी जागा, एवढं लिहिलं की ती तशी येते. नंतर कापून-जोडून बसवायला गेलं तर खर्च वाढतो आणि काम कच्चं राहतं.

हे कोणासाठी मागायचं? पोलिओचा भारतातला शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मध्ये नोंदला गेला. माझ्यासारखे पोलिओवाले आता कमीच होत जाणार, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याच २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे लोक दहा कोटींहून अधिक होते, आणि ती संख्या वाढतच आहे. ‘चालता येतं, पण किती?’ हा प्रश्न यापुढे त्यांच्या घरात विचारला जाईल.

तोवर परदेशी किंवा इथे कुठेही चाकांवर निघणाऱ्यांनी ‘सोय आहे का?’ असं विचारू नये. त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ येतं. आकडे विचारावेत. दार किती रुंद? तळ किती उंच? रॅम्प किती लांब, की लिफ्ट आहे? ती किती किलो उचलते, आणि शेवटची कधी चालवून पाहिली? आत मोकळी जागा किती बाय किती? ती गाडी आली नाही तर दुसरी किती मिनिटांत येईल? फोनवरचा माणूस पहिल्यांदा गोंधळतो. “थांबा, बघून सांगतो,” म्हणतो. आमच्या शहरातल्या बस डेपोत मी हेच प्रश्न घेऊन गेले, तेव्हा तिथल्या तरुण पर्यवेक्षकाने माझ्याकडून टेप घेतली, वाकून रॅम्प मोजला आणि आकडा स्वतःच्या वहीत लिहून घेतला.